वेल्डिंग नको, नटबोल्ट

आजारातून उठलेल्या माणसाने लोकांना सल्ले देऊ नयेत असं माझं मत आहे. तरीही हे लिहायला बसलोय, त्याला कारण संकेश्वरच्या एक बाई. त्यांच्या नवऱ्याला माझाच आजार झाला, म्हणून पत्ता काढत निपाणीला आमच्या घरी आल्या आणि दारातच विचारलं, "तुमचं पाय किती दिसांनी आलं?" मी "येतात, येतात, धीर धरा" म्हणून चहा पाजला आणि त्यांना बसला बसवून दिलं. त्या गेल्यावर बायको म्हणाली, "खरं का सांगितलं न्हाईसा?" तर खरं ते असं.

माझा धंदा शिलाई मशीन दुरुस्तीचा. दुकान नाही, जे काही आहे ते मोटरसायकलवर. गाडी जुनी, साडेतीनशे सी.सी.ची, दणकट. मागच्या कॅरेजवर लाकडी पेटी आणि पेटीत सुया, बॉबिन, पट्टे, तेलाची कुपी. निपाणी, चिकोडी, गडहिंग्लज, कागल, असा दोन राज्यांतून माझा फेरा असायचा. गावात गाडीचा आवाज घुमला की बायका मशीन पडवीत आणून ठेवायच्या. त्या आवाजाचा मला गर्व होता, लपवून काय करू? वडिलांनी तंबाखूच्या वखारीत जन्मभर पोती वाहिली, पायी गेले, पायी आले. आमच्या घरातला गाडीवर बसलेला पहिला माणूस मी.

रेल्वे गेट

ऐंशी साल उलटून गेलं होतं. मशीनचं सामान आणायला बेळगावला गेलो होतो. दोन दिवस पायांना मुंग्या येत होत्या, पण मी सगळा दोष नव्या चपलांना दिला. सामान घेऊन टिळकवाडीकडे निघालो, तिथे माझी मोठी बहीण राहते. ती शाळेत शिकवते आणि घरीही शिकवतच असते. आम्ही तिला आक्का म्हणतो.

वाटेत रेल्वे गेट पडलं होतं. गाडी थांबवून डावा पाय टेकला. म्हणजे मला वाटलं की टेकला. तो गुडघ्यात दुमडला आणि मी गाडीसकट डांबरावर. चारजण हसले, मीही हसलो. उठायला गेलो तर उजवा पायही ऐकेना, तेव्हा माझं हसू थांबलं. एका रिक्षावाल्याने उचलून आक्काच्या घरी पोचवलं. मागून दोघांनी गाडी ढकलत आणून तिच्या अंगणात लावली आणि ती तिथेच राहिली.

संध्याकाळी सरकारी हॉस्पिटलात डॉक्टरांनी गुडघ्यावर रबरी हातोडी मारली. पाय उडायला हवा होता म्हणे. तो आपला गप्प पडून होता. आजाराचं नाव दोन परदेशी डॉक्टरांची नावं जोडून केलेलं आहे. आक्काने ते वहीत लिहून घेतलं, मला आजही नीट म्हणता येत नाही. आपलं शरीरच आपल्या नसांवर उलटतं, पायांपासून वर चढत जातं, कुठेतरी थांबतं आणि मग हळूहळू उतरतं, असं त्यांनी समजावलं.

"पूर्ण उतरतं?" मी विचारलं.

"बहुतेकांचं पूर्ण उतरतं," डॉक्टर म्हणाले.

त्यातला 'पूर्ण' तेवढा मी ऐकला. 'बहुतेकांचं' ऐकायला मला पुढे दोन वर्षं लागली.

एका श्वासात

तिसऱ्या दिवशी हात गेले. माझे हात म्हणजे माझं पोट. सुईच्या छिद्राएवढा स्क्रू मी बघितल्याशिवाय बसवायचो, आणि आता चमचा धरता येईना. पण डॉक्टरांना हातांची काळजी नव्हती, त्यांना छातीची होती. ते रोज सकाळी यायचे आणि म्हणायचे, "एका श्वासात आकडे म्हणा." पहिल्या दिवशी मी चाळीसपर्यंत गेलो. मग तीस. मग बावीस. आकडे खाली आले की आजार वर चढला, एवढं मलाही कळत होतं. दहाच्या खाली गेलं तर घशातून नळी घालावी लागेल असं त्यांनी आक्काला बाजूला घेऊन सांगितलं. आक्का शिक्षिका, तिचं बाजूला घेतलेलं सगळ्या वॉर्डाला ऐकू येतं.

माझी बायको शालन निपाणीत विड्या वळायची. ती कामावरून तशीच उठून आली होती, पोरीला तिच्या आईकडे टाकून. ज्या दिवशी मी पंधरावर अडकलो, त्या दिवशी तिने माझा हात धरला आणि माझ्याबरोबर मोजू लागली. विड्यांचे कट्टे मोजायची सवय, ती भराभरा मोजायची. तिचा वेग गाठायला मी धापा टाकत अठरापर्यंत गेलो. डॉक्टर म्हणाले, "अशी फसवाफसवी चालत नाही. हळू मोजा." शालनने त्यांना सरळ विचारलं, "वाढलं न्हवं पर?"

मला भीती वाटली का? वाटली. आकडा संपला आणि पुढचा श्वास आलाच नाही तर, हा विचार दिवसभर छातीवर बसून असायचा. हे कुणाला सांगितलं नाही आणि तीच चूक केली. सांगितलं असतं तर निम्मा भार गेला असता. बाराशी येऊन आजार थांबला. नळी लागली नाही.

बलक्क

आमच्या वॉर्डात गंगव्वा नावाची आया होती. कन्नड बोलणारी, पन्नाशीची, हाताने जड आणि मनाने मऊ. हात गेलेल्या माणसाचं सर्वांत मोठं दुःख कुठलं असेल तर नाकाला सुटलेली खाज. माशी बसते, तुम्ही बघत राहता. हे तिला न सांगता कळायचं. येता-जाता पदराने माझं नाक खसकन पुसून जायची. त्या आजारात देव मला एवढाच भेटला.

अंगाला फोड येऊ नयेत म्हणून ती मला कुशीवर वळवायची. डाव्या हाताला सलाईन, म्हणून तिच्या पाळीत नेहमी एकाच बाजूला, उजवीकडे. वळवताना म्हणायची, "बलक्क होळ्री अण्णा, बलक्क." आमच्या गल्लीत कन्नड म्हणजे बाजारापुरतं. एष्टु, बेकु, बेडा, इल्ल, म्हणजे किती, हवं, नको, नाही, संपलं. मला वाटायचं ती म्हणते आहे, बळ लाव आणि वळ. मी दात-ओठ खाऊन बळ लावायचो. खरं तर कन्नडात 'बल' म्हणजे उजवं. ती बिचारी नुसतं 'उजवीकडे वळा' म्हणत होती. पण कन्नडात बळालाही बलच म्हणतात, त्यामुळे माझा अर्थ कधी कुठे अडला नाही आणि मी तो पक्का करून घरी घेऊन आलो.

अडीच महिन्यांनी मी उठून बसलो. आधी हात आले, मग उजवा पाय. डावा पाय गुडघ्यापर्यंत आला. त्याच्या खाली पाऊल नुसतं लोंबायचं, चालताना आधी बोटं घासायची.

घर

घरी आल्यावर सगळं गोड झालं असेल असं वाटत असेल तर तसं नाही. हॉस्पिटलात मी शहाण्यासारखा वागलो, घरी आल्यावर चिडका झालो. शालन परत विड्या वळायला बसली आणि मी उंबऱ्याशी बसून तिचे हात बघत राहिलो. एकदा तिने न विचारता मला पाण्याचा तांब्या आणून दिला, म्हणून मी तो अंगणात भिरकावला. पोरगी घाबरून आजीकडे पळाली. शालनने तांब्या उचलला, पोचा पडला होता तो अंगठ्याने चाचपला आणि पुन्हा भरून आणला. मला आजही त्याची लाज वाटते.

आक्काने पत्र पाठवलं, वसू, गाडी विकू या, अंगणात गंजते आहे. मी उत्तर पाठवलं नाही. पुढच्या पत्रात मात्र तिने दुसरंच लिहिलं. तिच्या शाळेचं गेट करणारे बसप्पा मेस्त्री बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, उद्यमबागेत असतात. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगाला दोन लहान चाकं लावून गाडी स्वतःच्या पायावर उभी राहील अशी करून देतात. पाय टेकायची गरज नाही.

मी दिवसभर ते पत्र वाचत बसलो. मला ते हवंही होतं आणि नकोही होतं. दोन जादा चाकं म्हणजे पांगळ्याची गाडी. शेवटी मनाशी तोडगा काढला. चाकं लावायची, पण वेल्डिंग करायचं नाही. सगळं नटबोल्टवर. गाडीच्या सांगाड्याला डाग पडता कामा नये. वर्षभरात पाऊल येईल, मग पाना घेऊन मीच ती चाकं उतरवणार आणि भंगारात टाकणार. बोल्ट म्हणजे मी बरा होणार. वेल्डिंग म्हणजे नाही.

शालनचा विरोध होता. "घरात बसून मशिनी दुरुस्त करा की. लोक आनत्याल."

"लोक मशीन डोक्यावर घेऊन कागलवरनं येत्यात व्हय?"

"मग ऱ्हाऊ दे कागल."

कागल राहू देणं मला जमण्यातलं नव्हतं.

बल काल इल्ल

बेळगावला जाऊन मेस्त्रींना समक्ष सांगावं एवढी ताकद तेव्हा नव्हती. म्हणून चिठ्ठी लिहून ओळखीच्या कंडक्टरकडे दिली. आक्काने कळवलं होतं की मेस्त्री कन्नड आहेत, पण मराठी लिपी वाचतात. माणसाला त्याच्या भाषेत लिहिलं की काम मनापासून होतं, असा विचार करून मी गंगव्वाकडून शिकलेली विद्या वापरली. आधी मराठीत लिहिलं की वेल्डिंग नको, नटबोल्ट. मग थाटात कन्नड लिहिलं, 'बल काल इल्ल'. 'काल' म्हणजे पाय, तेव्हा माझ्या हिशेबाने याचा अर्थ, पायात बळ नाही. पुढे मराठीत, 'त्या पायाचं काम हातावर घ्यावे.'

मला पायाचा ब्रेक हातावर हवा होता. त्या जुन्या गाड्यांना ब्रेक डाव्या पायाखाली आणि गिअर उजव्या पायाखाली असायचा.

मेस्त्रींचा निरोप आला, काम झालं, या. मी आणि शालन बसने गेलो आणि आक्काला घेऊन रिक्षाने उद्यमबागेत पोचलो. मेस्त्री दारातच उभे होते, साठीचे, कपाळाला विभूती. मी काठी टेकत उतरलो. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं, परत पाहिलं, आणि चष्मा काढून पुसला.

"अण्णा, दोन्ही पाय हायती की तुम्हाला."

"म्हंजे?"

त्यांनी खिशातून माझी चिठ्ठी काढली. 'बल काल इल्ल.' उजवा पाय नाही. माणसाने एवढं स्वच्छ लिहून कळवलंय तर पाय खरंच नाही, असं समजून त्यांनी उजवीकडचं पाय ठेवायचं फूटरेस्टसुद्धा काढून टाकलं होतं. गिअरला टाकीपर्यंत लांब दांडा लावून तो हातावर घेतला होता. ब्रेक मात्र होता तिथेच, माझ्या लोंबत्या पावलाखाली.

"चार दिवस मला जेवान ग्वाड लागलं न्हाई," मेस्त्री म्हणाले. "किक कसा मारनार हा मानूस, ह्याच इचारात."

आक्का हसता हसता भिंतीला टेकली. शालनसुद्धा हसली, आजारानंतर पहिल्यांदा. आणि त्या हसण्याचाच मला राग आला. काम मात्र झकास होतं. चकाचक दोन चाकं, जाड पट्ट्या, क्लॅम्प आणि एकेक बोल्ट स्प्रिंग वॉशरवर घट्ट आवळलेला. मेस्त्री म्हणाले, ठेवून जा, आठ दिवसांत ब्रेक हातावर करून देतो. मी म्हटलं, "आलोयच तर एक चक्कर मारून बघतो."

"ब्रेकाशिवाय?" शालन म्हणाली.

"अंगणातल्या अंगणात गं."

मी बसलो. बसल्याबसल्या उजव्या पायाने किक मारली. तो आवाज कानात गेला आणि मी सगळं विसरलो. आजार, काठी, हातावरचा गिअर, सगळं. गाडी निघाली. दहा वर्षांची सवय, वळताना मी अंग झुकवलं. मी झुकलो, गाडी झुकेना. बाजूच्या चाकांची गाडी वळणावर ताठ राहते आणि माणसालाच बाहेर फेकते. घाबरून उजवा हात गिअरच्या दांड्याकडे गेला, तेवढ्यात पुढचा ब्रेकही हातून सुटला. डावा पाय ब्रेकवर ठेवला. पाऊल ब्रेकवर होतं की हवेत, ते मला कळलंच नाही, कारण त्या पावलाला काहीच कळत नव्हतं. समोर ओतकामाच्या वाळूचा ढीग होता म्हणून बरं. पुढचं चाक त्यात रुतलं आणि मी छातीने हँडलवर आदळलो.

शालन धावत आली. रडली नाही. माझ्या तोंडावरची वाळू पदराने पुसली आणि मेस्त्रींच्या, आक्काच्या, सगळ्यांच्या देखत म्हणाली, "मला दोन पायाचा न्हवरा न्हाय पायजे. जित्ता पायजे. त्ये आकडं मोजल्याली मी हाय, तुमी न्हवं."

मी वाळूत बसून राहिलो. दोन महिने मी एकटा भीत होतो असं मला वाटत होतं. माझा प्रत्येक आकडा तिनेही श्वास रोखून मोजला होता, हे मला त्या वाळूच्या ढिगात कळलं. "चुकलं माझं," मी म्हटलं. लग्नानंतर पहिल्यांदाच म्हटलं असेन.

चार चाकं

मेस्त्रींनी ब्रेक हातावर घेतला आणि फूटरेस्ट परत बसवलं. गिअरचा चुकलेला दांडा काढणार होते, पण थंडीत माझा उजवा पायही बधिर होतो, म्हणून तो राहू दिला. शालनने एकच अट घातली. पहिले सहा महिने ती मागे बसणार.

ती बसली. पेटी मांडीवर घेऊन. नीट मोजलं तर गाडीला चार चाकं होतात, पण लोक तिला तीनचाकीच म्हणायचे. पहिल्या फेऱ्याला कागलच्या अलीकडे एका गावात पोरांनी ओरडून पाठलाग केला. पडवीतली म्हातारी म्हणाली, "पाय कुटं घालवलास रं बाबा?" मी म्हटलं, "बेळगावात ऱ्हायला." तिने मशीन पुढे सरकवलं. तिला सुई अडते ती मोकळी करून हवी होती, माझ्या पायाशी तिचं काय काम? ज्यांच्या घरी असा आजार आहे त्यांना एवढंच सांगेन. लोक बघतात ते पहिल्या खेपेला. दुसऱ्या खेपेला त्यांना आपलं मशीन दिसतं.

रोज सकाळी मी मात्र पावलाला हुकूम सोडायचो. ऊठ. अंगठा कधीमधी हलायचा. हलला की दिवसभर मी शीळ घालायचो आणि संध्याकाळी पाना घेऊन बोल्ट तपासायचो. घट्ट करायला म्हणून तपासायचो, पण सुटतात ना, तेही बघायचो.

उद्यमबाग

दोन वर्षांनी तवंदीच्या घाटात उजवीकडचं चाक डुगडुगायला लागलं. क्लॅम्प सरकला होता. सहा महिन्यांची अट कधीच संपली होती, तरी त्या दिवशी शालन मागे बसलेली होती, सोबत पोरगीही. कशीबशी गाडी कडेला घेतली. पोरीला उतरवून कडेला बसवलं आणि पाना काढून बोल्ट आवळले. मेस्त्री वर्षभर सांगत होते की आपल्या रस्त्यांना बोल्ट टिकायचे नाहीत, वेल्डिंग मारू या. मी वर्षभर म्हणत होतो, पुढच्या खेपेला.

त्याच आठवड्यात तपासणीला बेळगावला गेलो. डॉक्टरांनी पाऊल हातात घेतलं, टाचणी टोचली, वर-खाली केलं. मग हळूच ठेवलं. "जे यायचं होतं ते आलंय," ते म्हणाले. "आता हे आहे ते सांभाळा." चांगला माणूस. एवढं बोलून लगेच पुढच्या पेशंटकडे वळला नाही, थोडा वेळ माझ्याजवळ बसून राहिला.

हॉस्पिटलातून आम्ही दोघं थेट उद्यमबागेत गेलो. मेस्त्रींपुढे गाडी उभी केली.

"मेस्त्री, वेल्डिंग मारा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग शालनकडे. "बोल्ट काडू? मग पुना सुटायचं न्हाई हे, अण्णा. कायमचं."

"व्हय. कायमचंच मारा."

त्यांनी एकेक बोल्ट सोडवून डब्यात टाकला. नुसतं सांगाड्याला टेकवलेलं चाक त्यांनी विटा लावून सरळ केलं, तोंडापुढे काळी काच धरली. मी समोर स्टुलावर बसलो होतो. नजर हलवता येईना.

"बगू नका, डोळं जात्यात," म्हणत शालन मागे येऊन उभी राहिली आणि तिने माझ्या डोळ्यांवर हात ठेवला. तंबाखूचा वास असलेला तळवा. पलीकडे चरचर सुरू झाली. तिच्या बोटांच्या फटींतून निळा उजेड आत येत होता. त्या हाताखाली मी रडलो. आजार झाल्यापासून रडलो नव्हतो, त्या दिवशी सगळं रडून घेतलं, आवाज न करता. तिचा तळवा भिजला, मनगटापर्यंत ओघळ गेला असेल. तिने हात हलवला नाही.

चरचर थांबली. मेस्त्रींनी काच खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आत्री," ते म्हणाले. "झालं. बगा आता, अण्णा."

"थांबा जरा, मेस्त्री," शालन म्हणाली. "त्यास्नी अजून बगायचं न्हाय."